मे महिन्यात आंबोलीला तंबू, धामापूरला तळं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मार्च संपता संपता फोन वाजायला लागतात, आणि प्रश्न दरवर्षी तेच असतात. आम्ही सिंधुदुर्गातल्या कुडाळकडची चार-पाच मंडळी. नोकरीधंदा सांभाळून मे महिन्यात दोन-तीन शनिवार-रविवार मुंबई-पुण्याच्या लोकांना, बहुतेक नात्यातल्या आणि त्यांच्या ओळखीच्यांना, एक रात्र आंबोलीला तंबूत ठेवतो. दुसऱ्या दिवशी खाली धामापूरच्या तळ्यावर नेतो आणि संध्याकाळी कुडाळला गाडीत बसवून देतो. उत्तरं तोंडी देऊन देऊन घसा बसला, म्हणून एकदाची लिहून टाकतोय. हे वाचून स्वतःचे स्वतः गेलात तरी आमची काही हरकत नाही.

आंबोलीचा धबधबा बघायला मिळेल ना?

नाही. मे महिन्यात तिथे काळा खडक असतो, त्यावर सुकलेलं शेवाळ असतं आणि समोर कणीस भाजणाऱ्यांची बंद दुकानं असतात. धबधबा हवा तर जुलैत या, पण तेव्हा आम्हाला फोन करू नका. तेव्हाचा घाट म्हणजे गाड्यांची रांग, आणि त्या गर्दीत तंबू ठोकण्यात काही मजा नाही.

मग मे महिन्यातच का?

तीन कारणं आहेत. एक म्हणजे उंची. आंबोली समुद्रसपाटीपासून साधारण ६९० मीटरवर आहे. खाली सावंतवाडीत रात्री पंखा अंगावर घेऊनही घाम सुटत असतो, तेव्हा वर पहाटेला चादर ओढावी लागते. दुपार मात्र वरही तापते, गारव्याच्या भ्रमात राहू नका.

दुसरं, रानमेवा. करवंदं, जांभळं, रतांबे, फणस, काजूची बोंडं, आणि रायवळ आंब्याचे तर झाडाखाली सडे पडलेले असतात. हापूसचं कौतुक सगळे करतात, पण घाटातल्या रायवळाचा बाठा चोखल्याशिवाय मे महिना झाला असं आम्ही मानत नाही.

तिसरं कारण जरा विचित्र वाटेल. डोंगर सुकलेला असतो तेव्हाच त्याचं पाणी कुठून कुठे जातं ते दिसतं. पावसाळ्यात सगळीकडेच पाणी असतं, त्यात कळत काहीच नाही.

नेमका कोणता शनिवार-रविवार धरायचा?

आमची पसंती १० ते २० मेच्या मधल्याला. पूर्वी आम्ही बिनधास्त महिन्याचा शेवटचा शनिवार धरायचो, कारण मे सरत आला की पहिल्या पावसाच्या आधी काजवे चमकायला लागतात. तो देखावा सोडवत नाही. पण २०२५ साली नैऋत्य मोसमी पाऊस २५ मे रोजीच कोकणात दाखल झाला. आमच्याकडे एरवी ५-७ जूनच्या आसपास येणारा पाहुणा दोन आठवडे आधीच दारात उभा. त्याआधी २०२१ च्या मे महिन्याच्या मध्यावर तौक्ते वादळाने किनाऱ्याची दाणादाण उडवली होती. थोडक्यात, काजवे हवे असतील तर उशिरा या आणि भिजायची तयारी ठेवा. कोरडा तंबू हवा असेल तर लवकर या. दोन्ही एकदम मागू नका.

निघण्याच्या चार दिवस आधी हवामान खात्याचा जिल्ह्याचा इशारा आम्ही बघतो. नारिंगी किंवा लाल असेल तर कार्यक्रम रद्द. त्यावर वाद घालायचा नाही.

यायचं कसं?

मुंबईहून रेल्वे. सावंतवाडी रोडला उतरा. हे स्टेशन शहरात नाही, मळगावला आहे. शहर तिथून सात-आठ किलोमीटर. आमची गाडी स्टेशनवर असते. सावंतवाडीहून आंबोली सुमारे ३० किलोमीटर, आणि त्यातला शेवटचा भाग वळणांचा घाट. ज्यांना गाडी लागते त्यांनी पुढच्या सीटवर बसावं आणि दाणोलीच्या आधी वडा खाऊ नये.

पुण्या-कोल्हापूरहून येणारे गडहिंग्लज-आजऱ्यावरून थेट वर येऊ शकतात, त्यांना घाट चढावा लागत नाही. रविवारी उतरावा मात्र लागतो.

तुतारीचं तिकीट काढलं, पण गाडी सुटली होती. असं कसं झालं?

दर मोसमात एक तरी जण या खड्ड्यात पडतो. तुतारी एक्सप्रेस दादरहून मध्यरात्री बारा वाजून पाच मिनिटांनी सुटते. शुक्रवारी रात्री जेवून निघायचं म्हणजे तिकीट शनिवारच्या तारखेचं लागतं. शुक्रवारचं काढलंत तर तुमची गाडी गुरुवारी रात्रीच गेलेली असते. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं आणि मे महिन्यातलं चाकरमानी मंडळी पहिल्या काही मिनिटांत संपवतात, त्यामुळे चुकलेलं तिकीट पुन्हा मिळत नाही. पोचल्यावर रडण्यापेक्षा आत्ता तारीख बघा.

तंबू रानात लावणार का?

रानाच्या कडेला, खाजगी जागेत. मालकाला विचारून आणि त्याला भाडं देऊन. राखीव जंगलात परवानगीशिवाय शिरणं आणि जाळ करणं भारतीय वन अधिनियम, १९२७ प्रमाणे गुन्हा आहे, ते आम्ही करत नाही.

आंबोलीत जागेचा मालक कोण हा प्रश्नही साधा नाही. आंबोली, चौकुळ आणि गेळे या तीन गावांत कबुलायतदार गावकर जमिनीचा प्रश्न वर्षानुवर्षं गाजतोय. पिढ्यान् पिढ्या कसणारे एक, सातबाऱ्यावर नाव दुसरंच. म्हणून कुणी रस्त्यात थांबवून ‘माझी जागा आहे, लावा तंबू’ म्हणाला तर लगेच खुंट्या ठोकू नका. गावात चार घरी विचारा. विचारायला गेलात की चहा मिळतोच.

आमचा स्वतःचा तंबू आणला तर चालेल?

आणा की. फक्त जाळीचा आतला भाग असलेला आणा. मे महिन्यात प्लॅस्टिकच्या बंद तंबूत झोपणं म्हणजे मोदकपात्रात झोपणं. वरचं पावसाचं कापड गुंडाळून हाताशी ठेवायचं, बांधायचं नाही.

कुठे ठोकायचा याचे आमचे नियम ठरलेले आहेत. सुकलेल्या व्हाळात, म्हणजे ओढ्यात, नाही; जागा सपाट, वाळू मऊ, आणि वरच्या डोंगरावर वळीव कोसळला तर अर्ध्या तासात तीच जागा पाण्याची वाट असते. उघड्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, नाही, विजेमुळे. माडाखाली नाही, ते सांगावं लागू नये. आणि फणसाखाली नाही. सावली दाट असते म्हणून शहरातला माणूस नेमका तिथेच जातो. वर बघा. पंधरा किलोचा फणस रात्री अडीच वाजता खाली यायचा झाला तर तो आवाज देऊन येत नाही.

पाण्याची सोय आहे का?

आहे, पण मोजून. या प्रश्नाचं उत्तर जरा लांबेल.

आंबोलीत वर्षाला सरासरी ७,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. मुंबईच्या तिपटीच्या आसपास. राज्यातल्या सगळ्यांत जास्त पावसाच्या जागांपैकी ही एक. एवढं ऐकल्यावर कुणाला वाटेल की इथल्या विहिरी बारा महिने काठोकाठ असतील. मे महिन्यात येऊन विहिरीत वाकून बघा, तळाचा खडक दिसतो.

कारण जमिनीत आहे. कोकणातला जांभा दगड सच्छिद्र, चाळणीसारखा. पावसाचं पाणी पितो खरा, पण धरून ठेवत नाही; खालच्या चिकणमातीच्या थरापर्यंत पोचलं की ते आडवं वाहत उतारावर झऱ्यांच्या रूपाने बाहेर पडतं. दिवाळीपर्यंत झरे खळाळतात, शिमग्यापर्यंत बारीक होतात, आणि अक्षय तृतीया आली की बरेचसे मुके. शिवाय पश्चिमेचा उतार एवढा उभा की पडलेलं पाणी थांबायचं नावच घेत नाही, थेट खाडी आणि मग समुद्र.

आमच्या पहिल्या वर्षी हे आम्हाला ठाऊक असूनही कळलेलं नव्हतं. बावीस माणसं आणली होती. सकाळी सातला दोघी-तिघी विहिरीवर शॅम्पू लावून केस धुवायला बसल्या, त्यांचं बघून बाकीचे. ज्यांच्या आवारात आम्ही उतरलो होतो त्या काकी ओट्यावरून बघत होत्या. काही बोलल्या नाहीत. सगळ्यांचं आटोपल्यावर कळशी घेऊन आल्या, राहाट फिरवला, कळशीत निम्मं पाणी आणि निम्मा गाळ आला. ‘पाणी कमी आसा हां,’ एवढंच म्हणाल्या, तेही हसून. त्या दिवशी त्यांच्या गुरांना पाणी दुसऱ्या वाडीतून आणावं लागलं. आम्ही चार जणांनी खांद्यावरून घागरी वाहिल्या, पण तोंड वर करायची सोय नव्हती.

तेव्हापासून वापरायचं पाणी आम्ही सावंतवाडीहून पिंपातून वर नेतो. प्यायचं माणशी चार लिटर, वेगळं. काकींच्या विहिरीतून आता फक्त चहापुरतं घेतो, कारण त्याची चव दुसऱ्या कुठल्या पाण्याला नाही आणि तेवढं त्या स्वतःच देतात.

म्हणजे अंघोळ नाही?

शनिवारी नाही. एक तांब्या तोंड धुवायला, एक पाय धुवायला. रविवारी खाली उतरल्यावर जेवणाच्या घरी प्रत्येकाला बादलीभर पाणी मिळतं.

संडास?

आवारात दोन पक्के आहेत, भारतीय पद्धतीचे, बादली-तांब्या आत. ज्यांना गुडघ्यांचा त्रास आहे त्यांच्यासाठी एक घडीची खुर्ची ठेवली आहे. पाळीच्या दिवसांत येणाऱ्या मुलींनी, बायकांनी निःसंकोच यावं; झाकणाची वेगळी पेटी असते आणि ती आमच्यातल्या ताई स्वतः खाली घेऊन येतात. हा प्रश्न फोनवर कुजबुजत विचारला जातो, म्हणून इथे मोठ्याने उत्तर दिलं.

जेवायला काय?

शनिवारी रात्री तांदळाची भाकरी, कुळथाची पिठी, फणसाची भाजी, भात, सोलकढी. ओले काजू मिळाले तर उसळ. हंगाम सरत आलेला असतो, त्यामुळे वचन देत नाही. रविवारी सकाळी घावणे आणि नारळाची चटणी. दुपारी धामापूरजवळ एका घरी जेवण, तिथे मासे. कोणते ते त्या दिवशी मालवणच्या लिलावात काय आलं त्यावर. ‘सुरमईच हवी’ म्हणणाऱ्यांनी हॉटेलात जावं. तारल्यांचं तिखलं खाऊन बघा, मग बोला.

चहात साखर कमी हवी असेल तर आधी सांगा. नंतर सांगून उपयोग नसतो, चहा एकाच टोपात होतो.

स्वतःची गॅसची शेगडी रेल्वेतून आणू नका. चालत नाही, आणि इथे लागतही नाही.

शेकोटी पेटवणार ना? त्याशिवाय कॅम्प कसला?

नाही पेटवणार. मे महिन्यात गवत, पाचोळा, काजूची पानं, सगळं दारूगोळ्यासारखं सुकलेलं असतं आणि संध्याकाळी खालून वारा चढतो. एक ठिणगी पुरते. कलमांच्या बागेत वणवा शिरला तर माणसाची वीस वर्षांची मेहनत एका रात्रीत जाते. गिटार आणा, शेकोटी विसरा. आणि खरं सांगू का, जाळ नसला की डोळे अंधाराला सरावतात. मग काजवे असतील तर काजवे, नाहीतर अमावास्येच्या आसपास आकाशगंगा दिसते.

थोडी घेतली तर चालेल का?

आमच्या तळावर नाही. गोवा जवळ आहे म्हणून तिथून ‘स्वस्तात’ आणण्याचा विचारही सोडा. गोव्यातली दारू परवान्याशिवाय महाराष्ट्रात आणणं गुन्हा आहे आणि इन्सुलीला तपासणी नाका आहे. सुट्टीचा रविवार तिथे घालवायचा असेल तर तुमची मर्जी.

बिबट्या येतो का? हत्ती?

बिबट्या आहे, अस्वल आहे, गवे तर पुष्कळ. बिबट्याला तुमच्यात रस नसतो; तुमच्या कुत्र्यात असतो. म्हणून कुत्रा आणू नका. अस्वल पहाटे करवंदांच्या जाळीत असतं, आणि करवंदं तुम्हालाही आवडतात, तेव्हा उजाडल्याशिवाय जाळीत हात घालायचा नाही. गव्याशी गाठ घाटात पडते. वळणावर रात्री हजार किलोचा प्राणी शांतपणे उभा असतो. दिवे मंद करायचे, हॉर्न वाजवायचा नाही, त्याला जाऊ द्यायचं.

रानटी हत्ती कर्नाटकातून २००२ साली जिल्ह्यात उतरले. ते मुख्यतः दोडामार्ग-तिलारीच्या बाजूला असतात. तरी तंबूत केळी, फणसाचे गरे ठेवू नका. हत्ती नाही आला तरी मुंग्या आणि उंदीर येतातच.

सापांची भीती वाटते.

वाटू द्या, ती उपयोगाची असते. बूट सकाळी झटकून घाला, बॅटरीशिवाय चार पावलंही जाऊ नका, दगड उचलून बघायची हौस ठेवू नका. आंबोलीत हिरवा चापडा फांदीवर गुंडाळून बसलेला असतो. फोटो काढायला हात लांब करणारे आम्ही पाहिले आहेत. कातळावर फुरसं असतं, वीतभर लांबीचं आणि भयंकर चिडकं.

चावलंच तर पट्टी आवळणं, चिरणं, तोंडाने ओढणं यातलं काही करायचं नाही. हातापायाला आधार देऊन माणसाला हलू न देता गाडीत घालायचं आणि १०८ ला फोन करायचा. आंबोलीत प्राथमिक आरोग्य केंद्र आहे, सावंतवाडीला उपजिल्हा रुग्णालय. आपल्याकडचं सर्पदंशाचं औषध नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर चालतं; चापड्यावर नाही, त्याला दवाखान्यात लक्षणं बघून उपचार करतात. साप मारून सोबत नेण्याची गरज नाही. मारायला जाऊन दुसरा दंश झालेली माणसं आहेत.

माकडताप म्हणजे काय? आई घाबरली आहे.

हा प्रश्न कमी लोक विचारतात, पण सापाच्या आधी हा विचारायला हवा.

माकडताप म्हणजे क्यासनूर फॉरेस्ट डिसीज. १९५७ साली कर्नाटकात शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या जंगलात तो पहिल्यांदा ओळखला गेला, म्हणून ते नाव. आमच्या जिल्ह्यात २०१६ पासून दोडामार्ग आणि बांद्याच्या भागात तो दिसला, काजू गोळा करायला रानात जाणाऱ्यांत जास्त. विषाणू पसरतो बारीक गोचिडींमधून. माकडं त्याने मरतात आणि मेलेल्या माकडाच्या अंगावरच्या गोचिडी आसपास पसरतात. हंगाम साधारण डिसेंबर ते मे, म्हणजे आपल्या फिरण्याचाच.

आंबोली त्या पट्ट्यात नाही, पण डोंगर एकच आहे. म्हणून आमच्याकडे नियम कडक. पूर्ण पाय झाकणारी विजार, तिची टोकं मोज्यात. पाचोळ्यावर थेट बसायचं नाही, चटई घ्यायची. उघड्या अंगाला गोचीड पळवणारं मलम लावायचं. संध्याकाळी मानेला, काखेला, गुडघ्यामागे हात फिरवून बघायचं. मेलेलं माकड दिसलं तर जवळ जायचं नाही, आम्हाला सांगायचं; आम्ही आरोग्य केंद्राला कळवतो.

घरी गेल्यावर आठ-दहा दिवसांत कडक ताप, डोकं ठणकणं, अंग मोडून येणं असं झालं तर डॉक्टरांना एक वाक्य आवर्जून सांगा: ‘सिंधुदुर्गच्या रानात जाऊन आलोय.’ मुंबईतल्या डॉक्टरांच्या मनात आधी डेंग्यू येतो. ते वाक्य ऐकलं की योग्य तपासणी होते. आईला सांगा, आजवर आमच्यातलं कुणी आजारी पडलेलं नाही, आणि मोजे आम्ही रोज तपासतो.

लहान मुलं, आजी-आजोबा चालतील?

सहा वर्षांवरची मुलं चालतील. आजी-आजोबांना तंबू नको, काकींच्या पडवीत खाट मिळते, आणि खरं तर सगळ्यांत छान झोप त्यांनाच लागते.

दुपारी ढग आले तर?

मे महिन्यात दुपारी तीन-चारनंतर वळवाचा पाऊस कधीही येतो, आणि त्याच्या आधी वीज. गडगडाट ऐकू आला की पॉइंटवरून, कड्यावरून, सड्यावरून सगळे खाली. घरात नाहीतर गाडीत. झाडाखाली नाही. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडायचं नाही. कावळेसादच्या कड्यावरून विजा फार सुंदर दिसतात हे खरं आहे. आम्ही ते पडवीतून बघतो.

रविवारी पहाटे कुठे नेता?

हिरण्यकेशीला. गुहेतून पाणी येतं, तिथे महादेवाचं देऊळ आहे, पुढे कुंड. आंबोलीतले बाकीचे झरे सुकलेले असताना हे पाणी मे महिन्यातही वाहतं. गंमत अशी की अरबी समुद्र इथून हाकेच्या अंतरावर, पण हे पाणी तिकडे जात नाही. ते पूर्वेला वळतं, घटप्रभेला मिळतं, मग कृष्णेला, आणि सगळा देश ओलांडून बंगालच्या उपसागरात पोचतं. जेमतेम दोन पावलं अलीकडे पडलेला थेंब संध्याकाळपर्यंत कोकणात.

या कुंडात एक छोटा मासा सापडला आणि २०२० साली त्याची नवी जात म्हणून नोंद झाली, शिस्टुरा हिरण्यकेशी. पुढच्याच वर्षी शासनाने इथली २.११ हेक्टर जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केली. त्यामुळे कुंडात साबण नाही, निर्माल्य नाही, पाय धुणंही खालच्या अंगाला.

धामापूरचं तळं नैसर्गिक आहे का?

दिसतं तसं, पण नाही. १५३० साली विजयनगरचे मांडलिक नागेश देसाई यांनी गावकऱ्यांच्या मदतीने दोन डोंगरांच्या मधे मातीचा बांध घालून ते बांधलं. म्हणजे शिवाजी महाराजांच्या जन्माच्या शंभर वर्षं आधी. सिंचन आणि जलनिस्सारणाच्या आंतरराष्ट्रीय आयोगाने २०२० मध्ये त्याला जागतिक वारसा सिंचन स्थळाचा मान दिला.

आम्ही आधी आंबोली आणि मग धामापूर हा क्रम मुद्दाम ठेवलाय. शनिवारी ७,००० मिलिमीटर पावसाच्या गावात तुम्ही तांब्याने पाणी मोजता. रविवारी बांधावर उभे राहिलात की समोर मे महिन्यातलं भरलेलं पाणी असतं, काठावर माड-पोफळी हिरव्यागार, बांधाखाली कळसे-धामापूरची भिजलेली जमीन. पाऊस वरपेक्षा इथे कमीच पडतो. फरक फक्त त्या बांधाचा. पाच शतकांपूर्वी कुणीतरी डोक्यावर माती वाहिली, आणि मालवण शहराच्या नळाला आजही याच तळ्याचं पाणी येतं. आमच्यातला एक इंजिनियर दरवेळी बांधावर उकिडवा बसून मातीला हात लावतो आणि काही बोलत नाही. दहा मिनिटं आम्ही त्याला तिथेच सोडतो.

चारच्या पुढे जा. ऊन डोंगराआड जातं, वारा सुटतो, नशीब असेल तर धनेशाची जोडी पंखांचा फडफडाट करत पाण्यावरून जाते. काठावर भगवतीचं देऊळ आहे. आधी तिथे जायचं, मग पाण्याकडे.

तळ्यात पोहता येईल?

नाही. हे लोकांचं प्यायचं पाणी आहे आणि देवीचं तळं आहे. शिवाय काठ गाळाचा, आत पाणवनस्पती, आणि खोली एकदम वाढते. विहिरीत पट्टीचा पोहणारा अशाच पाण्यात अडकतो. पायऱ्यांवर बसून पाय सोडा, पुरे. पोहायचंच असेल तर मालवणला समुद्र आहे.

दागिन्यांची गोष्ट खरी आहे का?

गावात सांगतात ती अशी. घरात लग्न निघालं आणि अंगावर घालायला सोनं नसलं की फुलांचे दागिने करून परडीत ठेवायचे आणि परडी तळ्यात सोडायची. परडी बुडायची आणि वर यायची ती सोन्याच्या दागिन्यांसकट. लग्न झालं की तेवढेच परत करायचे. एकाने परत केले नाहीत, तेव्हापासून बंद झालं.

खरी का खोटी ते आम्हाला विचारू नका, देवळाच्या ओट्यावर बसलेल्या आजोबांना विचारा. आमच्या एका पाहुणीने विचारलं होतं. आजोबा म्हणाले, ‘नाय दिल्यान तो तुमच्याच बाजूचो हतो.’

त्याच दिवशी मालवण आणि सिंधुदुर्ग किल्ला जमेल?

धामापूरहून मालवण पंधरा-सोळा किलोमीटर, पण किल्ला, मासे, बाजार आणि रात्रीची गाडी हे सगळं एका दिवसात कोंबलं तर काहीच होत नाही. एक दिवस वाढवा. आणि मेअखेरीला येत असाल तर लक्षात ठेवा, पावसाळ्यासाठी किल्ल्याच्या होड्या तेव्हा बंद होतात.

नेटवर्क मिळतं?

गावात मिळतं, तळावर उभं राहून हात वर केला तर. सोमवारी सकाळी महत्त्वाची मीटिंग असणाऱ्यांनी रविवारीच सांगून ठेवावं की गाडी उशिरा पोचू शकते. कोकण रेल्वे आहे ती.

सोबत काय आणू?

कमी आणा. दोन जोड सुती कपडे, एक पूर्ण बाह्यांचा सदरा, बंद बूट, डोक्याला लावायची बॅटरी, पातळ चादर, चटई, टोपी, तुमची रोजची औषधं, मीठ-साखरेच्या पुड्या, रेनकोट, ताट-वाटी-पेला. चाकाची बॅग आणू नका, ती कातळावर चालत नाही. ब्लूटूथ स्पीकर घरी ठेवा. इथे पहाटे रानकोंबडा असतो. चिप्सची पाकिटं आणलीत तर रिकामी झालेली परत न्यायची जबाबदारी तुमची. आम्ही मोजतो. हो, खरंच मोजतो.

वाटेतले आंबे, करवंदं तोडली तर चालतील?

रस्त्याकडेची करवंदं, जांभळं खुशाल खा. रायवळाखाली पडलेला आंबा उचललात तर कुणी काही म्हणत नाही. पण कुंपणाच्या आतली एक कैरीसुद्धा नाही. ती कुणाचीतरी वर्षाची कमाई असते, आणि बागेतला राखणदार झाडामागेच असतो.

परतताना फणस घेऊन जाता येईल का?

येईल. काकी देतात, पैसे घेत नाहीत, म्हणून आम्ही त्यांच्या नातवासाठी वह्या नेतो. तुम्हीही नेऊ शकता. घ्यायचा तर कापा, म्हणजे घट्ट गऱ्यांचा, घ्या, आणि थोडा कच्चा, म्हणजे घरी पोचल्यावर दोन दिवसांनी पिकेल. बरका, म्हणजे मऊ रसाळ गऱ्यांचा, घेऊ नका. गेल्या वर्षी एकाने पिकलेला बरका थ्री-टायर एसीत बर्थखाली ठेवला होता, आणि रत्नागिरी यायच्या आत टीसीने तिकिटाआधी विचारलं, ‘फणस कोणाचा?’